पावणेतीनशे फुटांची खोली, साडेबारा लाखांचा हिशेब: आई-वडिलांसाठी तळमजल्यावर वाढवलेल्या बांधकामाचं एक प्रकरण

वर बेडरूम, खाली हॉल-स्वयंपाकघर आणि जिन्याखाली एक भारतीय पद्धतीचा संडास. १९९०च्या दशकात बांधलेल्या कॉलनीतल्या पुष्कळ बंगल्यांची रचना अशीच असते. घरातली माणसं पन्नाशीची असेपर्यंत ती छान चालते. गुडघे बोलू लागले की सगळं अडतं ते जिन्यावर आणि संडासात. इथे असंच एक प्रकरण शेवटपर्यंत मांडलं आहे. ते प्रातिनिधिक आहे. मापं नाशिकच्या कॉलनी भागातल्या नेहमीच्या प्लॉटची आहेत आणि दर हिशेबासाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे दर घातले की हीच मांडणी पुन्हा करता येते.

घर आणि माणसं

प्लॉट १२ मीटर रुंद, २१ मीटर खोल, म्हणजे २५२ चौरस मीटर. घर १९९६चं, आरसीसी फ्रेमचं. तळमजला ८.५ बाय ९ मीटर, म्हणजे ७६.५ चौ.मी., आणि पहिला मजला ६० चौ.मी. समोर ४.५ मीटर मोकळं, डावीकडे २ मीटरचा बोळ, उजवीकडे १.५ मीटरचा. मागे ७.५ मीटर खोल परसबाग. जमीन काळी, जोतं दीड फूट म्हणजे ४५० मिमी.

वडील ७६ वर्षांचे, आई ७१ची. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं दुखणं आहे आणि वडिलांना रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. मुलगा-सून नोकरी करतात, नातवंडं शाळेत आहेत. सगळ्यांना एकत्रच राहायचं आहे. फक्त आई-वडिलांना त्यांची झोप, त्यांचा रेडिओ आणि पहाटेचा चहा स्वतंत्र हवा आहे.

तीन पर्याय समोर होते. पहिला, तळमजल्यावरची मागची बेडरूम त्यांना देणं आणि तिला संडास-बाथरूम जोडणं. हा सर्वात स्वस्त आणि पुष्कळ घरांना पुरेसा असतो. इथे तो बाद झाला, कारण बाथरूम काढल्यावर खोलीत एक पलंग आणि चालायची वाट एवढंच उरत होतं. दुसरा, जिन्यावर सरकती खुर्ची बसवणं. जिना ९०० मिमी रुंद आणि दोन वळणांचा, म्हणून तोही गळला. तिसरा, परसबागेत तळमजल्यापुरतं वाढीव बांधकाम: खोली, संडास-बाथरूम, स्वयंपाकाचा छोटा ओटा आणि बाहेरून स्वतंत्र उतार (रॅम्प).

फुटाच्या दरात खरा आकडा दिसत नाही

मागितलेलं बांधकाम बाहेरून बाहेर ६.०१ बाय ४.४३ मीटर होतं, म्हणजे २६.६ चौ.मी. किंवा साधारण २८६ चौ. फूट. पहिल्या ठेकेदाराने कागदावर लिहून दिलं: २,२०० रुपये फूट, ६ लाख २९ हजार. घरच्यांनी सात लाखांची तयारी केली. तपशीलवार हिशेब झाला तेव्हा तो ११ लाख १५ हजारांवर गेला आणि अडीअडचणीची रक्कम धरून साडेबारा लाखांवर.

ठेकेदाराने फसवलं असं म्हणता येणार नाही. फुटाचा दर पूर्ण घराच्या कामावरून बसवलेला असतो. हजार-बाराशे फुटांच्या घरात दोन बाथरूम, एक स्वयंपाकघर आणि एक ड्रेनेज लाइन सगळ्या क्षेत्रफळावर विभागली जाते. पावणेतीनशे फुटांच्या वाढीवात संडास, बाथरूम, ओटा, चेंबर, पाया हे सगळं येतंच, पण खर्च वाटून घ्यायला मोकळ्या खोल्या नसतात. लहान कामाचा फुटाचा दर मोठ्या कामापेक्षा नेहमीच जास्त पडतो. अशा कामात फुटाच्या दराने ठरवूच नये, बाबवार कोटेशन घ्यावं.

कागद आधी

डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका क्षेत्र आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून राज्यभर एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. नाशिक तिच्यात येतं. दाट वस्तीबाहेरच्या भागात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, म्हणजे एफएसआय) १.१ आहे. या प्लॉटवर तो २७७ चौ.मी. होतो. आधीचं १३६.५ आणि नवं २६.६ धरून १६३.१ चौ.मी. भरतं, त्यामुळे जास्तीचा निर्देशांक विकत घ्यायची गरज नाही.

निर्देशांक शिल्लक आहे म्हणून परवानगी मिळेलच असं नसतं, आणि लोक चुकतात ते इथेच. पहिली पाहायची ती सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा. ती आपल्या जुन्या मंजूर नकाशावरून आणि आजच्या नियमावरून वास्तुविशारदाकडून लिहून घ्यावीत. इथे मागे ३ मीटर उरतात, बाजूंना घराचीच रेषा कायम ठेवली आहे, म्हणून अडचण आली नाही. दुसरं, जुन्या घराचं भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा. मधल्या पंचवीस वर्षांत बाजूच्या बोळावर टाकलेली पत्र्याची शेड, बंद केलेली बाल्कनी, गच्चीवरची खोली हे सगळं सुधारित नकाशात दाखवावं लागतं. जागेवर मोजणी होते आणि अशी शेड सापडली की नवी फाइल तिथेच थांबते. शेड आधी काढून टाकणंच स्वस्त पडतं.

तिसरी गोष्ट घरात बोलायला अवघड वाटते, म्हणून राहून जाते. मिळकत पत्रिकेवर नाव वडिलांचं आहे आणि मुलाला एक बहीण आहे. पैसे मुलाचे, कर्ज मुलाचं आणि बांधकाम वडिलांच्या मिळकतीवर. बँक मिळकतीच्या मालकाला सहकर्जदार करते आणि मंजूर नकाशा मागते. तो भाग सोपा आहे. पण पुढे वाटणीच्या वेळी हे साडेबारा लाख कोणाचे धरायचे, हे वडील हयात असताना आणि बहिणीच्या समक्ष लिहून ठेवायला हवं. मृत्युपत्र, बक्षीसपत्र की नुसता कौटुंबिक लेख, हे वकिलाला विचारून ठरवावं. कामाच्या आधी ही चर्चा अर्ध्या तासात मिटते. नंतर ती मिटेलच असं नाही.

नकाशा फिरला तो चेंबरमुळे

वास्तुविशारदाने पहिल्या आराखड्यात संडास डाव्या हाताला घेतला होता. खोली उजवीकडे सरकली की सकाळचं ऊन पलंगावर येत होतं. दिसायला तो आराखडा जास्त चांगला होता. तो बदलला तो ड्रेनेजची मापं घेतल्यावर.

घराची सांडपाण्याची मुख्य लाइन उजव्या बोळातून समोरच्या गटारीला जाते. या लाइनचं शेवटचं चेंबर घराच्या मागच्या उजव्या कोपऱ्याबाहेर, बोळात आहे. झाकण उघडून पाण्याच्या लेव्हल पाइपने माप घेतलं, तर चेंबरचा तळ जमिनीपासून फक्त ४०० मिमी खाली निघाला. संडासाच्या ११० मिमी पाइपाला १:४० उतार हवा, म्हणजे दर मीटरला २५ मिमी. संडास उजव्या हाताला घेतला तर पाइप ६ मीटर, उतार १५० मिमी, आणि पाइपाची सुरुवात जमिनीखाली २५० मिमीवर होते. बसतं. तोच संडास डाव्या हाताला घेतला तर लांबी १२ मीटर, उतार ३०० मिमी, सुरुवात जमिनीखाली फक्त १०० मिमीवर. म्हणजे पाइपाचा माथा जमिनीच्या वर येतो. १:६० उतारावर रेटलं तरी पाइपावर जेमतेम ९० मिमी माती राहते आणि वरून चालताना तो फुटतो. सबब संडास उजवीकडे गेला आणि सकाळच्या उन्हासाठी मागच्या भिंतीत मोठी खिडकी घेतली.

यावरून एक साधी शिस्त: नकाशा काढायच्या आधी प्लॉटवरचं प्रत्येक चेंबर उघडून त्याची खोली कागदावर मांडावी. याला एक सकाळ पुरते.

दुसरी अडचण याच लाइनने दाखवली. स्वयंपाकघर मागच्या डाव्या कोपऱ्यात आहे आणि त्याचं सांडपाणी परसबागेतून आडवं उजव्या चेंबरला जातं, म्हणजे नेमकं नव्या खोलीच्या जमिनीखालून. जुने पाइप स्टोनवेअरचे (भाजलेल्या मातीचे), दर दोन-अडीच फुटांवर सांधा असलेले. हे तसेच गाडून वर फरशी घालणं म्हणजे पाच वर्षांनी बेडरूमची फरशी फोडणं. इथे जुनी लाइन पूर्ण काढून पीव्हीसीचा ११० मिमी पाइप सरळ रेषेत, मध्ये एकही वळण किंवा चेंबर न घेता टाकायचं ठरलं. पाइपाभोवती सर्व बाजूंनी काँक्रीट आणि दोन्ही टोकांना खोलीच्या बाहेर चेंबर. तुंबलंच तर दोन्हीकडून सळई घालता येते. घराखाली चेंबर ठेवणं कोणत्याही सबबीवर मान्य करू नये. झाकण कितीही घट्ट बसवलं तरी झुरळं आणि वास खोलीत येतातच.

पाया: काळी माती आणि तेरा ब्रास मुरूम

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुनं घर जवळपास तीस वर्षांत जेवढं खचायचं तेवढं खचून बसलं आहे. नवं बांधकाम पहिल्या दोन-तीन वर्षांत खचेल, थोडं का होईना. दोन्ही एकमेकांना घट्ट बांधले तर तडा जाणारच, आणि तो नेमका सांध्यावर, जिथे पाणी शिरतं.

स्ट्रक्चरल इंजिनिअरने दोन ठिकाणी खड्डे घेऊन पाहिलं. पक्का मुरूम १.८ मीटरवर लागला. सहा कॉलम ठरले, प्रत्येकाचा खड्डा १.४ बाय १.४ मीटर. जुन्या भिंतीलगत कॉलम घेतले असते तर नवं फुटिंग (कॉलमखालचा पसरट काँक्रीटचा पाया) जुन्या फुटिंगवर चढलं असतं. म्हणून भिंतीकडची कॉलमची रांग १.२ मीटर अलीकडे घेतली आणि तिथून बीम व स्लॅब जुन्या भिंतीपर्यंत लोंबते (त्या टोकाला आधार नसलेले) काढले. कॉलम बाजूच्या भिंतींत लपतात, खोलीत दिसत नाहीत. जुन्या घरालगतचे खड्डे एकाच दिवशी उघडायचे नाहीत. एक खोदा, काँक्रीट भरा, मग पुढचा. जुन्या फुटिंगच्या तळाखाली तर खणायचंच नाही.

मुरमाचा हिशेब इथे नीट मांडला पाहिजे, कारण वादाचं मूळ तोच असतो. कोटेशनमध्ये ‘प्लिंथ फिलिंग’ म्हणून पाचेक ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) धरलेला असतो, तो फक्त जोत्याच्या आतल्या भरावाचा. पण फरशीखालची निदान ४५० मिमी काळी माती काढून टाकावी लागते, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात फरशी उचलली जाते. ती जागाही मुरमानेच भरायची. फुटिंगच्या खड्ड्यांतही काळी माती परत लोटायची नाही. हे सगळं धरलं की दाबून बसलेला मुरूम सुमारे २९ घनमीटर लागतो आणि आणताना तो सैल असल्यामुळे ३६ घनमीटर, म्हणजे साधारण १३ ब्रास. भराव १५० मिमीच्या थरांनी, पाणी मारून, धुमसाने ठोकत. एका दमात भरून वरून पाणी सोडून दिलं तर वरचे थर बसल्यासारखे दिसतात, खालचे बसत नाहीत.

बाहेर जाणारी काळी मातीही १२ ब्रासच्या घरात जाते. आणि इथे जागेचा प्रश्न आला. डावा बोळ २ मीटरचा, त्यातून जेसीबी जात नाही. खोदाई हाताने, माती घमेल्याने आणि ढकलगाडीने रस्त्यापर्यंत. सिमेंट, खडी, विटा आत येतानाही तसंच. ही ‘आतली वाहतूक’ कोटेशनमध्ये वेगळी लिहून घेतली नाही, तर तिसऱ्या आठवड्यात ठेकेदार जादा मागतो, आणि त्याचं म्हणणं खरंही असतं.

बाकी सामानाचं प्रमाण: आरसीसी १२.५ ते १३ घनमीटर, सळई सुमारे १.२ टन, सिमेंट १८०च्या आसपास गोणी (काँक्रीट, वीटकाम, प्लास्टर, फरशी सगळं मिळून) आणि विटा ५,२००. यापेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त माल मागवला जात असेल तर कारण विचारावं.

सांधा

जुनी भिंत आणि नवा स्लॅब यांत २५ मिमी मोकळी फट ठेवली. स्लॅब ओतताना मध्ये थर्माकोलची शीट उभी करायची आणि नंतर ती पूर्ण काढायची. जुन्या भिंतीला भोकं पाडून सळया घुसवणं आणि स्लॅब तिच्यात अडकवणं, हे पुष्कळ गवंडी ‘मजबुतीसाठी’ सुचवतात. इथे त्याला स्पष्ट नकार दिला.

फट वरून बंद करायची पद्धत अशी. नव्या गच्चीच्या पातळीपासून २०० मिमी वर जुन्या भिंतीत कटरने २५ मिमी खोल आडवी खाच मारायची. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची एक कड त्या खाचेत घालून सीलंट भरायचं. पत्रा भिंतीवरून खाली येऊन फटीवरून पुढे नव्या गच्चीच्या उभारलेल्या कडेवर वाकतो, पण त्या बाजूला तो खिळवायचा नाही. नवं बांधकाम दोन-चार मिमी खाली गेलं तर पत्रा सरकला पाहिजे. फटीच्या आत फोमची दोरी आणि वर पॉलिसल्फाइड सीलंट (रबरासारखं लवचिक राहणारं). नुसतं सिमेंटने फट भरली तर एका उन्हाळ्यात ती उघडते.

आणखी एक लहानशी गोष्ट. जुन्या गच्चीचं पावसाचं पाणी पन्हाळीतून परसबागेत पडत होतं. आता ते नव्या स्लॅबवर, नेमकं सांध्याजवळ पडणार. तो पाइप वाढवून थेट जमिनीपर्यंत नेला. खर्च किरकोळ, पण यादीत नसला की राहतो.

जुन्या घरातून नव्या खोलीत जायला नवीन दार फोडलं नाही. मागच्या बेडरूमची १.२ मीटर रुंद खिडकी होती, तिच्या खालची भिंत काढून दार केलं. लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) जागेवरच राहिलं. त्या बेडरूमला बाजूच्या बोळात दुसरी खिडकी आहे, म्हणून उजेड-हवा गेली नाही. अशी दुसरी खिडकी नसेल तर हा मार्ग घेऊ नये.

आतली मापं

खोली ३.६ बाय ४.२ मीटर. उजवीकडे १.८ मीटर रुंदीची पट्टी: जुन्या घराकडच्या बाजूला १.६५ मीटरचा ओटा आणि मागच्या टोकाला १.८ बाय २.४ मीटरचा संडास-बाथरूम. ओलं काम सांध्यापासून लांब, हा त्यामागचा विचार. चाकाच्या खुर्चीला वळायला १.५ मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं, ते बेसिन भिंतीला लटकतं घेतल्यावर बसतं. आज खुर्ची लागत नाही. लागेल तेव्हा भिंती हलवता येणार नाहीत.

सगळ्या दारांची निव्वळ मोकळी रुंदी ९०० मिमी. त्यासाठी चौकट १ मीटरच्या पुढची लागते, कारण पल्ला आणि बिजागरी जागा खातात. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं आणि कडी बाहेरूनही काढता येणारी. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. उंबरठा कुठेच नाही. बाथरूमची फरशी खोलीपेक्षा फक्त १० मिमी खाली आणि आतला उतार १:८०, नहाणी ट्रॅप (पाणी जायचं जाळीचं तोंड) शॉवरच्या कोपऱ्यात. गवंडी सवयीने दोन इंच उतरवतात. फरशी बसायच्या दिवशी घरच्या माणसाने पाणसळ घेऊन समोर थांबावं.

कमोडची बैठक ४५० ते ४८० मिमी उंच. आधाराचा आडवा दांडा बैठकीपासून साधारण २०० मिमी वर आणि शॉवरजवळ एक उभा दांडा. दांडा टाइलला नाही, भिंतीला धरला पाहिजे. म्हणून प्लास्टरआधीच त्या जागी वीट काढून काँक्रीटचा ठोकळा बसवला आणि फोटो काढून मापं लिहून ठेवली. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत असेल तर हे अत्यावश्यक आहे. पूर्ण वजन टाकल्यावर दांडा निखळला तर नसलेलाच बरा.

बाहेरचा उतार १:१२ म्हणजे ४५० मिमी जोत्याला ५.४ मीटर. घराचा मागचा कोपरा आणि नवी खोली यांच्यामध्ये २.५ मीटर रुंदीची खाच उरली होती, तिच्यात २.७ मीटरचे दोन तुकडे शेजारी-शेजारी बसवले, प्रत्येक १.२ मीटर रुंद. मध्ये वळणाला १.२ मीटरचा सपाट कट्टा, वर दारासमोर तेवढाच. दोन्ही बाजूंना कठडा, पृष्ठभाग खरबरीत, टाइल नाही. स्वयंपाकघराकडचं चेंबर उतार सुरू होण्याआधीच्या सपाट जागेत येतं, त्यामुळे झाकण उघडायला अडथळा नाही.

विजेत पलंगाजवळ आणि दाराजवळ दोन्हीकडून चालणारा दिवा, बाथरूममध्ये बसल्या जागी हात पोचेल अशी घंटा आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारं बटण). एसी आणि गिझर वाढले की जुना मंजूर भार अपुरा पडतो. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज काम सुरू होतानाच द्यावा.

अंदाजपत्रक

ठेकेदाराच्या २,२०० रुपये दरात खरोखर बसणाऱ्या बाबी:

आरसीसी (सळई, सेंटरिंग म्हणजे काँक्रीटचा तात्पुरता साचा व टेकू, मजुरीसह): २,२०,०००
वीटकाम आणि प्लास्टर: १,३५,०००
फरशी आणि भिंतीच्या टाइल: ८०,०००
दारं, खिडक्या, ग्रिल: ९५,०००
वीज: ५५,०००
रंग: ४५,०००
एकूण ६,३०,०००

त्या दराबाहेर राहणाऱ्या बाबी:

वास्तुविशारद, इंजिनिअर, महापालिकेची शुल्कं: ८५,०००
खोदाई, माती बाहेर नेणं, मुरूम, सोलिंग (फरशीखालचा दगडांचा थर), वाळवीचं औषध: १,०५,०००
ड्रेनेज, चेंबर, नळकाम, फिटिंग, वॉटरप्रूफिंग: १,४०,०००
उतार, कठडे, पायऱ्या: ६०,०००
ओटा, सिंक, कपाट: ४५,०००
जुन्या घरातले बदल: ५०,०००
एकूण ४,८५,०००

दोन्ही मिळून ११,१५,०००. वर बारा टक्के, म्हणजे १,३४,००० अडीअडचणीसाठी. बेरीज १२,४९,०००. फुटाला ४,३६७ रुपये.

बारा टक्के का? नव्या मोकळ्या प्लॉटवर पाच-सात टक्के पुरतात. जुन्या घराला जोडताना जमिनीखाली काय निघेल हे खोदल्याशिवाय कळत नाही: विसरलेली पाण्याची लाइन, जुनी शोषखड्ड्याची टाकी, ढिला भराव. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि जोतं पूर्ण होईपर्यंत तिला हात लावू नये. जोत्यानंतर धोका बराच कमी होतो. मग त्यातले काही पैसे चांगल्या खिडक्यांना लावायला हरकत नाही.

पैसे कमी पडले तर काय कापायचं हेही आधी ठरलं: ओट्याची कपाटं, बाहेरचा महागडा रंग, एसी. कापायचं नाही ते: मुरूम, सांधा, आधाराचे दांडे, उतार. घरच्यांचा पहिला कल याच्या बरोबर उलट होता, कारण कपाट दिसतं आणि मुरूम दिसत नाही.

करार, वेळ आणि हप्ते

काम दिवाळीनंतर सुरू करून मार्च-एप्रिलपर्यंत संपवायचं. काळ्या मातीत पावसाळ्यात पाया खोदणं म्हणजे रोज खड्डे उपसणं. जोतं झाल्यावर महापालिकेची जोते तपासणी करून घ्यायची आणि मगच वर जायचं. स्लॅबखालचे सामान्य टेकू चौदा दिवसांनी निघू शकतात, पण इथे लोंबते बीम आहेत, त्यांचे टेकू २८ दिवस ठेवले. मुकादमाला सेंटरिंगचं सामान दुसरीकडे न्यायची घाई असते, म्हणून हे दिवस करारातच लिहिले.

हप्ते कामाच्या टप्प्यावर: सुरुवातीला १० टक्के, जोतं झाल्यावर २०, स्लॅब झाल्यावर २५, वीटकाम-प्लास्टरला २०, फरशी-नळकाम-विजेला १५, ताबा देताना ५ आणि शेवटचे ५ पावसाळा उलटल्यावर. तारखेवर हप्ता कधीच बांधू नये. जादा कामाचा दर आणि मोजमापाची पद्धत आधीच लिहावी. खोदाई घनमीटरने, मुरूम भरलेल्या जागेच्या मापाने, गाड्या मोजून नाही. कोटेशनमध्ये जीएसटी धरला आहे की वेगळा, हेही लेखी घ्यावं. बँकेचं कर्ज टप्प्याटप्प्यानेच सुटतं आणि आपला वाटा आधी घालावा लागतो, त्यामुळे पहिले दोन हप्ते हातातल्या पैशांतून जातील असं धरून चालावं.

ताबा घेण्याआधी ड्रेनेजची एक चाचणी केली जाते. चेंबरचं तोंड बंद करून पाइप पाण्याने भरायचा आणि अर्धा तास पातळी पाहायची. ती उतरली तर कुठेतरी सांधा सुटला आहे, आणि तो आत्ताच सापडलेला बरा. बाथरूमच्या फरशीवर नहाणी ट्रॅप बुजवून २४ तास पाणी साठवायचं आणि शेजारच्या भिंतीला ओल येते का ते बघायचं. भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज याच सुमारास. मालमत्ता कराची नवी आकारणी त्यानंतर येते.

शेवटचे पाच टक्के सोडण्याआधी ऑक्टोबरमध्ये चार जागा पाहायच्या: सांध्यालगतची आतली भिंत, बाथरूमची बाहेरची भिंत जोत्याच्या पातळीवर, फरशी पोकळ वाजते का, आणि दोन्ही चेंबरमधलं पाणी विनाअडथळा वाहतं का. सांध्याजवळ प्लास्टरवर केसाएवढी रेघ आली असेल तर घाबरायचं कारण नाही, ती फट आपलं काम करते आहे. रेघ नव्या भिंतीत तिरपी गेली असेल किंवा तिच्यात नाणं शिरत असेल तर पैसे थांबवून इंजिनिअरला आधी बोलवावं.